शिसं नसलेली किरणरोधक काच: आकडे जुळतात, पण तुकडे तपकिरी येतात तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संशोधक विद्यार्थ्याला निदानासाठीच्या क्ष-किरण खोलीच्या खिडकीत शिशाच्या काचेऐवजी बसवता येईल अशी काच करायची आहे. त्यानं बिस्मथ-बोरेट, म्हणजे बिस्मथ आणि बोरॉनच्या ऑक्साइडची काच, निवडलं. संगणकावर केलेल्या गणितात ही काच शिशाच्या काचेच्या तोडीस तोड ठरते, पण भट्टीतून निघालेले तुकडे तपकिरी असतात आणि पॉलिश करताना तडकतात. बिस्मथ आणखी वाढवावा की टेल्युरियमकडे वळावं, असं त्याने विचारलं आहे आणि सोबत आपल्या लेखाचा मसुदा दिला आहे.

उत्तर आधीच सांगून टाकते. बिस्मथ वाढवू नका, थोडा कमी करा. टेल्युरियमकडे या कामासाठी तरी वळू नका. जड ऑक्साइडच्या काचा वितळवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि दर वेळी एकच गोष्ट दिसली आहे: किरण अडवणं हा या कामातला सोपा भाग आहे. तो अणुक्रमांक आणि घनता ठरवतात, आणि दोन्ही गोष्टी तक्त्यातून काढता येतात. अवघड आहे ते त्या रसातून स्वच्छ, एकजीव, न तडकणारी आणि दहा वर्षं पुसली तरी धुरकट न होणारी पाटी काढणं. शिशाचा ऑक्साइड काचेत दोन कामं करतो. तो किरण शोषतो आणि काच कमी तापमानाला, सहजपणे, जवळजवळ रंगहीन वितळू देतो. पर्यायाच्या शोधात पहिल्या कामाकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि दुसरं विसरलं जातं. तुमचे तपकिरी तुकडे हे त्या दुसऱ्या कामाचं देणं आहे.

तरीही सुरुवात किरणांपासूनच करते, कारण इथेही एक चूक पुन्हा पुन्हा होते. ट्यूबवर १०० किलोव्होल्ट लावले तर बाहेर पडणाऱ्या फोटॉनची ऊर्जा जास्तीत जास्त १०० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे १०० केईव्ही असते, आणि बहुतेक फोटॉन त्याच्या बरेच खाली असतात. या पट्ट्यात शोषण मुख्यतः प्रकाशविद्युत परिणामानं होतं, म्हणजे फोटॉन अणूतला इलेक्ट्रॉन उडवून स्वतः पूर्ण शोषला जातो. ते अणुक्रमांकाच्या चौथ्या-पाचव्या घाताच्या आसपास वाढतं, ऊर्जेच्या तिसऱ्या घातानं घटतं, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या के-एजपाशी, म्हणजे अणूतला सगळ्यात आतला इलेक्ट्रॉन उखडायला लागणाऱ्या ऊर्जेपाशी, एकदम उडी मारतं. बेरियमची ही कड ३७.४ केईव्हीला आहे, गॅडोलिनियमची ५०.२ ला, टंगस्टनची ६९.५ ला, शिशाची ८८ ला आणि बिस्मथची ९०.५ ला. म्हणूनच ८० केईव्हीला, ग्रॅमला ग्रॅम तोलून पाहिलं तर, टंगस्टन शिशाच्या तिपटीहून जास्त शोषतं. शिशाची ती दुबळी जागा आहे.

बेरियमच्या काचेचं उदाहरण घेऊन हे आकड्यांत मांडते, कारण 'शिशाइतकी' हा शब्द किती फसवा आहे ते त्यातून दिसतं. वजनानं ४० टक्के बेरियम ऑक्साइड असलेली, ३.५ घनतेची (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर), १० मिलिमीटर जाडीची पाटी धरा. ६० केईव्हीला ती सुमारे २ मिलिमीटर शिशाइतकी अडवते. ८० केईव्हीलाही जवळपास तेवढीच. १०० केईव्हीला मात्र तीच पाटी जेमतेम अर्ध्या मिलिमीटर शिशाइतकी उरते. काच तीच आहे. मधल्या टप्प्यात शिशाची स्वतःची के-एज आली आणि शिसं एकदम तगडं झालं, म्हणून तुलना कोसळली. 'ही काच २ मिलिमीटर शिशाच्या बरोबरीची' असं ऊर्जा न सांगता लिहिणं म्हणजे अर्धं सत्य लिहिणं आहे, आणि खिडकीमागे उभ्या असलेल्या तंत्रज्ञाच्या बाबतीत हे अर्धं सत्य धोक्याचं आहे.

बिस्मथचं खरं मोल इथेच आहे. त्याचा अणुक्रमांक ८३, शिशाचा ८२. त्याची के-एज शिशाच्या इतकी जवळ आहे की ऊर्जा बदलली तरी दोघांची चाल सारखीच राहते. १०० केईव्हीला बिस्मथचा वस्तुमान क्षीणन गुणांक, म्हणजे वजनागणिक किरण किती अडतात त्याचं माप, ५.७४ चौरस सेंटिमीटर प्रति ग्रॅमच्या आसपास आहे, शिशाचा ५.५५. म्हणून बिस्मथ हा पाया म्हणून योग्यच आहे. पण त्याच्याबरोबर थोडं बेरियम घाला. ३७ ते ८८ केईव्हीच्या पट्ट्यात बेरियम वजनागणिक बिस्मथहून सरस आहे, आणि निदानाच्या क्ष-किरणांचा मोठा वाटा नेमका याच पट्ट्यात असतो. शिवाय बेरियम रंग आणत नाही.

एक सावधगिरी. के-एजच्या वरचा फोटॉन शोषला की मूलद्रव्य स्वतःचे क्ष-किरण सोडतं. बेरियमचे हे किरण ३२ ते ३७ केईव्हीच्या आसपासचे असतात आणि पाटीच्या मागच्या पृष्ठभागाजवळ उपजले तर बाहेर निसटतात. किरणांच्या अरुंद झोतानं (शलाकेनं) केलेल्या मोजणीत ते मोजयंत्रापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे काच आहे त्यापेक्षा चांगली दिसते. आयईसी ६१३३१-१ या आंतरराष्ट्रीय मानकात रुंद आणि उलट-रुंद शलाकेच्या मांडणी आहेत. शिसं नसलेल्या पदार्थाला त्या मांडणीत तपासल्याशिवाय शिशाशी बरोबरीचा दावा करू नका. पारदर्शक पाट्यांसाठी त्याच मालिकेचा दुसरा भाग आहे, तोही वाचा.

तुमच्या मसुद्यात सीझियम-१३७ च्या ६६२ केईव्हीची मोजणीही आहे. क्ष-किरण खोलीच्या खिडकीशी तिचा संबंध नाही. त्या ऊर्जेला कॉम्प्टन विकिरणाचं, म्हणजे फोटॉन इलेक्ट्रॉनवर आदळून वाट बदलण्याचं, राज्य असतं. बेरियम, लोखंड, सिलिका सगळ्यांचा वस्तुमान गुणांक ०.०७७ च्या आगेमागे येतो आणि शिशाचाही ०.११ च्या पुढे जात नाही. तिथे घनता हेच सगळं काही. ५.२ घनतेची शिशाची काच घ्या की तेवढ्याच घनतेची बिस्मथची, अर्धमूल्य जाडी (किरण निम्मे करणारी जाडी) दोन्हींची १.३५ सेंटिमीटरच्या आसपासच निघेल. शिवाय ५ मिलिमीटरचा तुकडा या शलाकेतला फक्त २२-२३ टक्के भाग अडवतो. म्हणजे मोजणीत १ टक्का चूक झाली तर गुणांकात जवळजवळ ४ टक्के चूक शिरते. एकाच पातळ तुकड्यावर ही मोजणी करून तिसऱ्या दशांश स्थानापर्यंत तुलना करण्यात अर्थ नाही. तुकडे एकावर एक ठेवून चार-पाच जाड्या घ्या, लॉगचा आलेख सरळ येतो का पाहा.

आणि कळकळीची विनंती: अर्धमूल्य जाडी, दशमूल्य जाडी, सरासरी मुक्त पथ हे तीन वेगवेगळे 'निष्कर्ष' म्हणून तीन आलेखांत छापू नका. ती एकाच क्षीणन गुणांकाची तीन रूपं आहेत. एक्सकॉम किंवा फाय-एक्स ही गणिताची साधनं वापरून हे आकडे काही मिनिटांत मिळतात. ते तुम्ही काढलेत ते चांगलंच केलंत. पण वाचणाऱ्याला तुमच्याकडून जे हवं आहे ते कुठल्याच सॉफ्टवेअरमधून मिळत नाही: तुमची काच दिसते कशी, टिकते कशी, मोठी करता येते का.

आता भट्टीकडे.

तुमचं सूत्र मोलमध्ये ३० टक्के बिस्मथ ऑक्साइड आणि ७० टक्के बोरॉन ऑक्साइड असं आहे. वजनात मांडलं तर बिस्मथ ऑक्साइड ७४ टक्के होतो, कारण त्याचं मोल ४६६ ग्रॅमचं आहे आणि बोरॉन ऑक्साइडचं जेमतेम ७० चं. इतका बिस्मथ असला की काच मुळातच पिवळी असते. तिची शोषणाची कड अतिनीलातून दृश्य प्रकाशात सरकते आणि निळा भाग कापला जातो. हा पिवळेपणा रचनेतला आहे, कुठल्याही युक्तीनं जात नाही. तपकिरी आणि काळपट छटा मात्र वेगळी. ती वितळवताना बिस्मथचं क्षपण झाल्यानं, म्हणजे त्यानं ऑक्सिजन गमावल्यानं, येते. तीन-संयुजी बिस्मथ खालच्या अवस्थेला किंवा थेट धातूच्या सूक्ष्म कणांपर्यंत येतो. तापमान जितकं जास्त, तितकं हे जास्त. तुम्ही ११५० अंशांना दोन तास ठेवता. बिस्मथ ऑक्साइड ८१७ अंशांना वितळतो आणि बोरेट रस ९५० ते १००० अंशांत पाण्यासारखा पातळ होतो. वरचे दीडशे अंश तुम्ही फक्त रंग बिघडवण्यासाठी खर्च करत आहात.

दुसरा शत्रू कार्बन. एकदा सलग तीन वितळी काळपट निघाल्या आणि कारण सापडेना. सूत्र तेच, भट्टी तीच. शेवटी कच्च्या मिश्रणाचा चमचाभर भाग पांढऱ्या बशीत घेऊन पाण्यात ढवळला, तर वर बारीक पापुद्रे तरंगले. मिश्रण दळण्यासाठी नव्यानं आणलेल्या प्लॅस्टिकच्या बरणीचे ते कण होते. ते जळताना आजूबाजूच्या ऑक्साइडचा ऑक्सिजन ओढून घेत होते. बरणी बदलली आणि पुढची वितळ मधाच्या रंगाची आली. तुमच्याकडे मिश्रण ॲसिटोनमध्ये घोटत असाल तर ते पूर्ण सुकवा, आणि ग्रॅफाइटचा साचा वापरत असाल तर तो सोडून पितळ किंवा स्टेनलेस स्टीलचा तापवलेला साचा घ्या.

ऑक्सिजन रसात राखायचा सोपा मार्ग म्हणजे बेरियम कार्बोनेटऐवजी काही बेरियम नायट्रेट म्हणून देणं. ते तापताना विघटित होऊन ऑक्सिजन सोडतं. नायट्रोजनचे तपकिरी वायूही सोडतं, त्यामुळे धुराड्याखालीच काम करा. सोडियम नायट्रेटही चालेल, पण त्यानं अल्कली आत येते आणि काच पाण्याला आणखी कमजोर होते. सिरियम ऑक्साइड अगदी थोडा, मोलमध्ये ०.२ ते ०.५ टक्के घाला. तो ऑक्सिडीकारक म्हणूनही मदत करतो आणि किरणांमुळे येणारा तपकिरीपणाही रोखतो. जास्त घातला तर स्वतःचा पिवळा रंग देतो.

क्रुसिबलचा, म्हणजे वितळवण्याच्या भांड्याचा, विषय निघाला की प्रत्येकाला वाटतं प्लॅटिनम म्हणजे निश्चिंती. बिस्मथच्या बाबतीत तसं नाही. रसात धातुरूप बिस्मथ तयार झाला तर तो प्लॅटिनमशी मिश्रधातू करतो, मिश्रधातू कमी तापमानाला वितळतो आणि तळाला भोक पडतं. म्हणजे रस ऑक्सिडीकारक राखणं हे रंगासाठी आणि क्रुसिबलसाठीही गरजेचं. ॲल्युमिनाचं क्रुसिबल वापरत असाल तर वितळीनंतर ते उभं कापून पाहा. रसाच्या पातळीवर आत खाचेसारखी रेघ दिसेल. तिथली ॲल्युमिना तुमच्या काचेत गेलेली आहे. म्हणून कागदावरच्या सूत्रावर विश्वास न ठेवता तयार काचेचं रासायनिक विश्लेषण करा. बोरॉन उडून जातो, तोही हिशेबात धरा. बोरिक ॲसिडपासून सुरुवात केली असेल तर १०० ग्रॅम बोरॉन ऑक्साइडसाठी ते १७७.६ ग्रॅम घ्यावं लागतं. थेट बोरॉन ऑक्साइड वापरत असाल तर तो हवेतलं पाणी ओढतो, त्यामुळे काट्यावरचं वजन खोटं निघतं.

तडकण्याबद्दल. तुमच्या चकत्या ३ मिलिमीटरच्या आहेत आणि तुम्ही त्या ३५० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून ओव्हन बंद करता. या काचांचं संक्रमण तापमान (जिथे कडक काच मऊ पडू लागते) साधारण ४०० अंशांच्या आसपास असतं, पण सूत्रागणिक बदलतं. ते आधी मोजा. अनीलिंग, म्हणजे ताण सुटावा म्हणून काच तापवून सावकाश थंड करणं, त्याच्या आसपास व्हायला हवं. खूप खाली ठेवलं तर ताण सुटतच नाही. शिवाय काच थंड होताना आतबाहेरच्या तापमानातला फरक जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आज ३ मिलिमीटरला चालणारा वेग उद्या ३० मिलिमीटरच्या पाटीला चालायचा नाही. तिला शंभरपट सावकाश थंड करावं लागेल. दोन ध्रुवक पत्रे आडवे-उभे धरा, मध्ये चकती ठेवा आणि मागून दिवा लावा. नीट अनील झालेली काच काळी दिसते. ताण असेल तिथे उजळ पट्टे किंवा क्रॉस उमटतो. पॉलिशिंगला पाठवण्याआधी प्रत्येक तुकडा असा पाहिलात तर निम्म्या चकत्या टेबलावर तडकण्याआधीच परत ओव्हनमध्ये जातील.

उरलेल्या निम्म्या पाण्यामुळे तडकतात. नुसत्या बोरेट काचेचं पाण्याशी वैर आहे. तड्याच्या टोकाशी पाणी पोचलं की बंध तुटत जातात. कापताना पाण्याऐवजी तेल किंवा ग्लायकॉल वापरा. पण हा तात्पुरता इलाज आहे. खिडकीची काच रोज ओल्या फडक्यानं पुसली जाणार. एक पॉलिश केलेला तुकडा ९० अंशांच्या शुद्ध पाण्यात दिवसभर ठेवा आणि आधीचं-नंतरचं वजन करा. ७० टक्के बोरॉन ऑक्साइडची काच धुरकट झालेली दिसली तर मला आश्चर्य वाटणार नाही. म्हणून सिलिका हवी आणि झिंक ऑक्साइड हवा. मी तुमच्या जागी असते तर मोलमध्ये २० बिस्मथ ऑक्साइड, १५ बेरियम ऑक्साइड, १० झिंक ऑक्साइड, १५ सिलिका आणि ४० बोरॉन ऑक्साइड इथून सुरुवात केली असती. वजनात बिस्मथ ऑक्साइड ५८ टक्क्यांच्या आसपास राहतो. १०० केईव्हीला गुणांक ३.९ वरून ३.३ च्या जवळ येईल. तेवढी जाडी वाढवा. दोन मिलिमीटरनं जास्त जाड पण स्वच्छ काच ही पातळ पण तपकिरी काचेहून कधीही बरी.

टेल्युराइटबद्दल थोडक्यात. घनता आणि पारदर्शकता सुंदर, अवरक्त प्रकाशिकीत त्यांना तोड नाही. पण टेल्युरियम दुर्मीळ आहे, काच मऊ असते आणि उष्णतेनं फार फुगते. मोठ्या खिडकीसाठी हे तिन्ही दोष आडवे येतात. वितळवणाऱ्याच्या श्वासाला येणारा लसणासारखा वास हाही टेल्युरियमचाच परिणाम, तो शरीरात गेल्याची खूण.

मोठ्या पाटीकडे जाताना आणखी एक अडचण येईल. ८.९ घनतेचा ऑक्साइड आणि अडीचच्या आसपासचा ऑक्साइड एकाच भांड्यात आहेत. न ढवळता ओतलं की जड भाग तळाशी जातो आणि काचेत साखरेच्या पाकासारख्या रेघा दिसतात. ५ ग्रॅमच्या चकतीत त्या जाणवत नाहीत. एका बिंदूच्या दिव्यासमोर पाटी धरून भिंतीवर सावली पाडा, तिथे त्या लगेच कळतात. परावर्तनही आधीच हिशेबात घ्या. अपवर्तनांक १.८ झाला की प्रत्येक पृष्ठभागावर ८ टक्के प्रकाश परततो. साध्या काचेत हेच प्रमाण ४ टक्के असतं. आरपार जाणाऱ्या प्रकाशाचा आकडा कमी आला की लगेच रंगाला दोष देऊ नका.

'शिसं नसलेली किरणरोधक काच' ही नवी कल्पना आहे असं प्रस्तावनेत लिहिलंत, ते बदला. जुन्या चित्रनलिकेच्या टीव्हीत मागच्या नरसाळ्याला शिशाची काच असे, पण समोरच्या पडद्याच्या काचेत बेरियम आणि स्ट्राँशियम असत, कारण इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं शिशाची काच तपकिरी पडते. घरोघरी पोचलेली शिसेमुक्त किरणरोधक काच तीच. अणुसंशोधनातल्या हॉट सेलच्या (तीव्र किरणोत्सारी पदार्थ हाताळायच्या बंदिस्त खोल्यांच्या) खिडक्यांत झिंक ब्रोमाइडचं २.५ घनतेचं द्रावण भरलं जाई, तेही शिशाविनाच. कायद्याचं कारणही जपून लिहा. युरोपीय संघाच्या २०११ च्या रोह्स निर्देशात (विद्युत उपकरणांतल्या घातक पदार्थांवरच्या नियमात) शिशाला ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, पण वैद्यकीय उपकरणांतल्या किरणरोधक कवचातलं शिसं सवलतींच्या यादीत घातलं गेलं. तयार शिशाच्या खिडकीतून पाहणाऱ्याला शिशाचा त्रास नसतो. तो वितळवणाऱ्याला, कापणाऱ्याला, घासणाऱ्याला आणि शेवटी जिथे ती टाकली जाईल तिथल्या जमिनीला असतो. तुमच्या कामाचं खरं कारण ही माणसं आहेत. तेच लिहा. मात्र बेरियम कार्बोनेटही विषारी आहे आणि बिस्मथ बराचसा शिसं शुद्ध करतानाच उपउत्पादन म्हणून मिळतो, हे विसरू नका. तुमच्या बिस्मथ ऑक्साइडच्या बरणीवर शिशाची अशुद्धी किती लिहिली आहे? ती पाहा, नाहीतर 'शिसेमुक्त' काचेत मोजण्याजोगं शिसं निघेल.

एवढं करून स्वच्छ तुकडा हाती आला की कोबाल्ट-६० च्या गॅमा चेंबरमध्ये त्याला किरणांची मात्रा द्या आणि ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश किती आरपार जातो ते लगेच, एका आठवड्यानं आणि एका महिन्यानं मोजा. काही काचांचा रंग आपोआप उतरतो, काहींचा नाही. सिरियम असलेला आणि नसलेला असे दोन तुकडे शेजारी ठेवा.

आत्ताचे तपकिरी तुकडे मात्र फेकू नका. क्ष-किरणांना रंगाशी देणंघेणं नाही. त्यांचं नीट अनीलिंग करून, तेलावर घासून, अमेरिशियम-२४१ च्या ५९.५ केईव्हीला आणि बेरियम-१३३ च्या ८१ केईव्हीला गुणांक मोजा. प्रत्यक्ष वितळलेल्या काचेचे हे आकडे आणि एक्सकॉमचे आकडे यांत जो फरक येईल, त्यातून तुमचं सूत्र भट्टीत किती बदललं ते कळेल, आणि नव्या सूत्राची बॅच तोलताना बोरॉन किती जास्त घ्यायचा याचा अंदाजही येईल.